धुराचें वजन

धुराला वजन असतें असें कोणी म्हटलें, तर ऐकणाराला तें चमत्कारिक वाटेल. धूर वर जातो, विरतो आणि दिसेनासा होतो. जी वस्तु वाऱ्यावर तरंगते तिला तराजूंत कशी घालावी? परंतु दिसेनासें होणें आणि नाहींसें होणें यांत अंतर आहे. धुराड्यांतून निघालेली काजळी, राख आणि धातूंची भुकटी कोठें तरी जातेच. कांहीं छपरांवर बसते, कांहीं झाडांच्या पानांवर बसते आणि कांहीं माणसांच्या फुफ्फुसांत मुक्कामाला जाते. कारखान्यांच्या प्रदेशांत राहणाऱ्या मनुष्याला याची जाणीव असते. दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यावर सांजवेळीं जी करडी झांक दिसते, ती त्याला पुरेशी साक्ष वाटते. पण ‘धूर पूर्वीपेक्षां वाढला कीं कमी झाला?’ असें त्याला विचारलें, तर उत्तर मिळतें तें आठवणींतून. आणि आठवण ही मोठी पक्षपाती असते. ज्याची भाकरी कारखान्यावर अवलंबून तो म्हणतो, “असा धूर आमच्या बापजाद्यांनींहि खाल्ला आहे.” ज्याच्या घरीं दम्यानें धापा टाकणारें मूल आहे तो म्हणतो, “यंदासारखा धूर कधींच नव्हता.” दोघेहि आपापल्या परीनें प्रामाणिक असतात. त्यांचा वाद मिटविण्याचें साधन एकच, आणि तें म्हणजे वर्षानुवर्षें नेमानें चालूं ठेवलेलें मोजमाप. त्या मोजमापाची आणि त्यानें दिलेल्या एका साक्षीची हकीकत मी आज आपणांस सांगणार आहें.

प्रथम मोजमाप कसें करतात तें पाहूं. इंग्लंडांत १९१२ सालीं या कामासाठीं एक समिति नेमली गेली. तिनें अनेक शहरांत मोठमोठीं नरसाळीं मांडलीं व प्रत्येक नरसाळ्याखालीं एक बाटली ठेवली. महिनाभर आकाशांतून जें कांहीं पडेल—पाऊस, काजळी, राख—तें त्या बाटलींत जमावें, आणि महिनाअखेर पाणी आटवून उरलेल्या गाळाचें वजन करावें, अशी ती योजना होती. दर चौरस मैलावर दरमहा इतके टन, असा त्याचा हिशेब मांडीत. साधन साधें आणि स्वस्त. पण त्यांत एक मोठी उणीव होती. नरसाळ्यांत पडतात ते जड कण. जे कण इतके हलके असतात कीं ते दिवसेंदिवस हवेंतच तरंगत राहतात, ते या बाटलीला कधीं भेटतच नाहींत. आणि माणसाच्या छातींत खोलवर शिरतात ते नेमके हेच.

म्हणून पुढें दुसरी युक्ति निघाली. पडेल तें गोळा करीत न बसतां हवाच ओढून घ्यावी आणि ती गाळावी. कांचेच्या तंतूंचा एक गाळणकागद घेतात, तो ठराविक उष्णतेंत व ठराविक दमट हवेंत ठेवून काळजीपूर्वक तोलतात, आणि मग यंत्रांत बसवितात. यंत्रांतील पंखा चोवीस तास त्या कागदांतून हवा ओढतो. दुसऱ्या दिवशीं कागद काढून पुन्हां तोलला म्हणजे जो फरक येतो, तें धुळीचें वजन. गाळलेली हवा किती घनमीटर होती तें यंत्रावरून कळतें. वजनास त्या आंकड्यानें भागलें कीं झालें. हें उत्तर मायक्रोग्रॅममध्यें येतें. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहालाखावा भाग. एका दिवसांत दीड हजार घनमीटर हवा गाळली आणि दर घनमीटरांत १०० मायक्रोग्रॅम धूळ असली, तर कागदावर १५० मिलिग्रॅम जमते. आपल्या सोनाराच्या भाषेंत ती सुमारें सव्वा गुंज होईल. इतक्या अल्प वजनावर सगळा न्याय अवलंबून असल्यामुळें कागदाला बोट लागणें, दमट हवेनें तो जड होणें, अशा बारीकसारीक गोष्टींना येथें मोठें महत्त्व येतें.

यानंतर कणांच्या आकाराचा विचार आला. मनुष्याच्या केंसाची जाडी साठ-सत्तर मायक्रॉन धरली, तर १० मायक्रॉनहून मोठे बहुतेक कण नाकांत व घशांत अडकतात, त्याहून लहान ते श्वासनलिकेंत उतरतात, आणि २.५ मायक्रॉनहून लहान कण फुफ्फुसांतील वायुकोशांपर्यंत जाऊन पोंचतात. हे लहान कण वेगळे काढण्याची रीत मोठी मौजेची आहे. यंत्रांत शिरणाऱ्या हवेला एकदम वळण दिलें जातें. भरधांव गाडी वळतांना बेसावध उतारू जसा एका बाजूला आदळतो, तसे जड कण वळणावर पट्टीला आदळून तेथेंच राहतात. हलके कण मात्र हवेबरोबर वळतात व कागदापर्यंत जातात. अशा रीतीनें १० मायक्रॉनखालील कणांचें जें माप निघतें त्याला शास्त्रीय व्यवहारांत पी. एम. १० म्हणतात, आणि २.५ मायक्रॉनखालील कणांच्या मापाला पी. एम. २.५.

आतां त्या साक्षीकडे वळूं. अमेरिकेच्या यूटा संस्थानांत याच नांवाचें एक खोरें आहे. पूर्वेला वासॅच पर्वताची उंच भिंत, पश्चिमेला सरोवर आणि मध्यें प्रोव्हो व ओरेम हीं शहरें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, समुद्रकिनाऱ्यापासून दूर व शत्रूच्या टप्प्याबाहेर असावा म्हणून, तेथें पोलादाचा एक प्रचंड कारखाना उभारला गेला. त्याचें नांव जिनीव्हा. कोकच्या भट्ट्या, झोतभट्ट्या आणि पोलाद गाळण्याच्या भट्ट्या अहोरात्र पेटत आणि खोऱ्यांतील हजारों कुटुंबें त्यांवर जगत. हिवाळ्यांत मात्र तेथील हवा दगा देई. थंड व जड हवा खोऱ्याच्या तळाशीं बसे आणि तिच्यावर ऊबदार हवेचा थर झांकणासारखा पसरे. मग तळाचा धूर चार-चार, आठ-आठ दिवस तेथेंच कोंडून राही. या धुरानें प्रकृतीला अपाय होतो कीं नाहीं, याविषयीं गांवांत दोन तट होते; पण दोघांच्याहि हातीं पुरावा असा नव्हता.

अशा स्थितींत १९८५ सालीं या खोऱ्यांत पी. एम. १० चें मोजमाप सुरू झालें. ज्यांनीं तें सुरू केलें त्यांना पुढें काय वाढून ठेवलें आहे याची कल्पना असणें शक्य नव्हतें. १ ऑगस्ट १९८६ रोजीं मजूर व मालक यांच्या तंट्यामुळें कारखाना बंद पडला. सुमारें तेरा महिने त्याच्या भट्ट्या थंड होत्या. १९८७ च्या सप्टेंबरांत तो नव्या मालकांच्या हातांत जाऊन पुन्हां धडधडूं लागला. कामगारांच्या घरीं ते तेरा महिने ओढगस्तीचे गेले असतील यांत शंका नाहीं. शास्त्राला मात्र जी संधि कितीहि पैसा खर्चून मिळाली नसती ती अनायासें मिळाली. तेंच खोरें, तेच लोक, तोच पर्वत आणि तेंच मोजणारें यंत्र. एक हिवाळा धुराचा, दुसरा बिनधुराचा आणि तिसरा पुन्हां धुराचा.

प्रोव्हो येथील विद्यापीठांत सी. आर्डन पोप या नांवाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनीं एप्रिल १९८५ पासून फेब्रुवारी १९८८ पर्यंतचे धुळीचे आंकडे घेतले, आणि त्यांच्या शेजारीं त्याच काळांत इस्पितळांत दाखल झालेल्या रोग्यांचे आंकडे मांडले. न्यूमोनिया, फुफ्फुसावरणाचा दाह, श्वासनलिकेचा दाह आणि दमा, एवढेच विकार त्यांनीं घेतले. १९८९ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा: कारखाना चालूं असलेल्या हिवाळ्यांत धुळीचें प्रमाण, तो बंद असलेल्या हिवाळ्याच्या जवळजवळ दुप्पट होतें, आणि त्या हिवाळ्यांत इस्पितळांत दाखल झालेलीं मुलें दुपटीपासून तिपटीपर्यंत अधिक होतीं. ज्या महिन्यांत एखाद्या तरी दिवसाचें माप १५० मायक्रोग्रॅमच्या वर गेलें, त्या महिन्यांत मुलांची संख्या जवळजवळ तिप्पट झाली. प्रौढांच्या संख्येंत शेंकडा ४४ वाढ झाली. ज्या महिन्यांची सरासरी ५० किंवा त्याहून अधिक होती, त्यांत ही वाढ मुलांमध्यें शेंकडा ८९ व प्रौढांमध्यें शेंकडा ४७ होती.

येथें कोणी असें म्हणेल कीं, तो बिनधुराचा हिवाळा वाऱ्याचा असेल आणि म्हणून हवा स्वच्छ राहिली असेल. परंतु नोंद याच्या उलट सांगते. कारखाना बंद होता त्या हिवाळ्यांत हवा त्या मानानें अधिक कोंडलेली होती. तरीहि धूळ निम्म्यावर आली. कोणी म्हणेल, लोक तंबाखूचा धूर ओढीत असतील. पण या खोऱ्यांतील बहुसंख्य लोक ज्या पंथाचे आहेत, त्या पंथांत धूम्रपान निषिद्ध मानलें जातें. म्हणून तोहि संशय फारसा टिकत नाहीं. तिसरा आक्षेप अधिक वजनदार होता. मुलांमध्यें श्वासाच्या विकारांची सांथ कांहीं हिवाळ्यांत जोरांत असते, कांहींत सौम्य असते. तेव्हां हा सारा फरक सांथीचा कशावरून नसेल? याला निव्वळ आंकडेमोडीनें निर्णायक उत्तर देणें कठीण होतें.

तें उत्तर एका कपाटांतून निघालें. धूळ जमलेले ते जुने गाळणकागद कोणीं फेंकून दिले नव्हते. कारखाना बंद पडण्यापूर्वींचे, तो बंद असतांनाचे आणि पुन्हां सुरू झाल्यावरचे, असे तिन्ही काळांतील कागद जपून ठेवलेले होते. पुढें शास्त्रज्ञांनीं त्या कागदांवरील धुळीचा पाण्यांत अर्क काढला आणि त्याची परीक्षा केली. १९९९ ते २००१ या काळांत असे कित्येक प्रयोग झाले: कांहीं वेगळ्या काढलेल्या पेशींवर, कांहीं उंदरांवर आणि एक प्रयोग तर स्वेच्छेनें पुढें आलेल्या निरोगी माणसांवर. प्रत्येक अर्क सारख्याच वजनाच्या धुळीचा होता. तरीहि कारखाना चालूं असतांनाच्या धुळीनें फुफ्फुसांत स्पष्ट दाह निर्माण केला, आणि बंद काळांतील धुळीनें त्या मानानें फारच थोडा. पहिल्या धुळींत लोखंड, तांबें, जस्त अशा धातूंचा अंश अधिक होता. कागदावर सांथीचा रोग चढत नाहीं. त्यामुळें धूळ स्वतः अपायकारक नाहीं, असें म्हणण्यास जागा उरली नाहीं. वजन केवळ किती धूळ होती एवढें सांगतें. ती कसली होती तें जपून ठेवलेल्या कागदानें सांगितलें.

एका खोऱ्याची ही गोष्ट थोड्या वर्षांची झाली. दीर्घ काळाचें मोजमाप काय दाखवितें, हें पाहावयाचें तर त्याच देशांतील सहा शहरांच्या पाहणीकडे पाहिलें पाहिजे. ती हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं १९७० नंतरच्या दशकांत हातीं घेतली. ओहायो नदीकांठचें स्टूबेनव्हिल हें पोलादाचें शहर एका टोकाला आणि विस्कॉन्सिन संस्थानांतील पोर्टेज हें शांत गांव दुसऱ्या टोकाला. सहा ठिकाणचे मिळून ८,१११ प्रौढ स्त्रीपुरुष निवडून त्यांची चौदा ते सोळा वर्षें नोंद ठेवली गेली. कोण तंबाखू ओढतो, कोणाचें वजन किती, कोणाचें शिक्षण किती, हेंहि टिपून त्याची सूट हिशेबांत दिली गेली. १९९३ सालीं डग्लस डॉकरी व त्यांचे सहकारी यांनीं निकाल जाहीर केला. पोर्टेजमध्यें बारीक कणांची सरासरी दर घनमीटरास ११ मायक्रोग्रॅम होती, स्टूबेनव्हिलमध्यें सुमारें ३०. आणि स्टूबेनव्हिलमध्यें मृत्यूचें प्रमाण शेंकडा २६ नें अधिक होतें. कारखानदारांच्या बाजूनें या निष्कर्षाविषयीं मोठा गहजब झाला. अखेर सर्व मूळ नोंदी एका तटस्थ संस्थेच्या हवालीं करून हिशेब पुन्हां मांडला गेला, आणि २००० सालीं तोच निष्कर्ष कायम ठरला. मधल्या काळांत बारीक कणांवर वेगळी कायदेशीर मर्यादाहि आली होती, हवा सुधारत गेली. आणि २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या पुढील नोंदींत, बारीक कण कमी झाले तसें मृत्यूचें प्रमाणहि उतरलेलें आढळलें. मोजमाप पुढें चालूं ठेवलें होतें म्हणून ही आनंदाची गोष्टहि कळली.

या दोन्ही उदाहरणांतून मोजमापाचे कांहीं नियम हातीं येतात. पहिला असा कीं, यंत्राची जागा वारंवार बदलूं नये. धुराड्यापासून वाऱ्याच्या दिशेला असलेलें यंत्र उचलून बागेंत नेलें, तर धूर न घटतां आंकडा घटतो, आणि सुधारणेचा केवळ आभास होतो. दुसरा नियम पद्धतीविषयीं आहे. पूर्वी सर्व तरंगती धूळ मोजीत, मग १० मायक्रॉनखालील मोजूं लागले, आतां २.५ खालील मोजतात. जुन्या मापाचा आंकडा नव्याशेजारीं मांडणें म्हणजे मणांतून शेर वजा करण्यासारखें आहे. म्हणून नवें यंत्र बसवितांना कांहीं काळ जुनेंहि त्याच्या शेजारीं चालूं ठेवावें लागतें, म्हणजे दोन्ही वह्यांची सांधेजोड करतां येते. तिसरा नियम खंडाविषयीं आहे. ज्या दिवशीं धूर फार, त्याच दिवशीं यंत्र नादुरुस्त, असें पुनःपुन्हां होऊं लागलें, तर वार्षिक सरासरी कितीहि गोंडस दिसली तरी ती खोटी होय. आणि चौथा, सरासरीच्या आड वाईट दिवस दडतात. म्हणून वर्षाच्या आंकड्याबरोबर एकेका दिवसाचा आंकडाहि लोकांपुढें आला पाहिजे.

हे नियम आपल्याला परके नाहींत, कारण आपल्याहि दाराशीं असे प्रदेश आहेत. चंद्रपूरचेंच उदाहरण घ्या. कोळशाच्या खाणी, मोठें औष्णिक वीजकेंद्र, सिमेंटचे कारखाने आणि त्यांच्यामधून अखंड धांवणारे कोळशाचे व राखेचे ट्रक, असा हा मुलूख आहे. २००९ सालीं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें देशांतील औद्योगिक प्रदेशांचा हवा, पाणी व जमीन मिळून एक निर्देशांक काढला, त्यांत १०० पैकीं ८३.८८ हा आंकडा घेऊन चंद्रपूर चौथें आलें. असा आंकडा लोकांना खडबडून जागें करतो हें खरें. परंतु तीन गोष्टींची बेरीज एकाच आंकड्यांत केल्यावर हवेचें नेमकें काय झालें तें कळत नाहीं. तें कळतें नेमानें ठेवलेल्या मोजमापांतूनच. आपल्या देशांत हवेच्या राष्ट्रीय मोजणीस १९८४ सालीं आरंभ झाला. हातानें चालविण्याच्या ठाण्यांवर आठवड्यांतून दोन दिवस, म्हणजे वर्षांतून १०४ दिवस, कागद बदलावा असा नियम आहे. २००९ सालीं ठरविलेल्या मर्यादेप्रमाणें पी. एम. १० ची वार्षिक सरासरी ६० च्या व पी. एम. २.५ ची ४० च्या वर जातां कामा नये. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं पी. एम. २.५ साठीं सुचविलेला आंकडा तर अवघा ५ आहे.

जानेवारी २०१९ मध्यें केंद्र सरकारनें शहरांची हवा स्वच्छ करण्याचा जो कार्यक्रम जाहीर केला, त्याच्या यादींत महाराष्ट्रांतील इतर शहरांबरोबर चंद्रपूरहि होतें. २०१७ सालच्या मानानें २०२४ पर्यंत धूळ शेंकडा २० ते ३० नें कमी करावी, असा त्याचा प्रारंभींचा संकल्प होता. संकल्प चांगलाच, पण ‘शेंकडा इतकें कमी’ या शब्दांना अर्थ येतो तो आरंभींच्या वर्षाचें माप विश्वसनीय असेल तरच. पायलीच खोटी असेल तर धान्य वाढलें कीं घटलें हें कोणीं आणि कसें सांगावें?

मोजमापानें धूर कमी होत नाहीं, असें कित्येक लोक म्हणतात, आणि तें खरें आहे. कारखाना चालवावा कीं बंद करावा, धुराड्याला राख अडविणारें यंत्र बसवावें कीं भट्टीच बदलावी, हें तराजू सांगत नाहीं. यूटांतील तो कारखाना पुढें चौदा वर्षें चालला आणि २००१ सालीं व्यापाराच्या मंदींत कायमचा बंद पडला. हवा निवळली तशी अनेकांची रोजीहि गेली. पोट आणि छाती यांचा तंटा तराजू सोडवूं शकत नाहीं. पण तो तंटा अंधारांत होऊं नये, एवढें काम तो चोख करतो. एकदां मुलांच्या धापेचा आंकडा धुळीच्या आंकड्याशेजारीं येऊन बसला, म्हणजे ‘कांहीं होत नाहीं’ असें म्हणण्याची सोय राहत नाहीं. आणि धूर खरोखरच घटला असेल, तर ज्यानें खर्च करून तो घटविला त्याचें श्रेयहि कोणाला नाकारतां येत नाहीं.

मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. मागचें मोजमाप मागाहून करतां येत नाहीं. गेल्या हिवाळ्याची हवा आतां कोणत्याहि यंत्रांत ओढतां यावयाची नाहीं. यूटांत कारखाना बंद पडण्याच्या आधीं वर्षभरापासून कोणी तरी ठरल्या दिवशीं जिना चढून छपरावर जात होता, कागद बदलीत होता, तारीख घालून तो लिफाफ्यांत ठेवीत होता. त्याचें नांव आपल्याला ठाऊक नाहीं. आपण कशाचा पुरावा गोळा करीत आहों, हें त्यालाहि ठाऊक नव्हतें. त्यानें काम मात्र चुकविलें नाहीं, आणि पुढें जें सिद्ध झालें तें त्या लिफाफ्यांवरून. आपल्याकडील कारखान्यांच्या गांवांतूनहि असा मनुष्य, त्याला लागणारा कोरा कागद आणि तो जपून ठेवण्यास एक कपाट, एवढ्याची तरतूद झाली पाहिजे. आणि त्या कपाटाची किल्ली मागण्याचा हक्क त्या गांवांतील प्रत्येक नागरिकाला असला पाहिजे.